एकच रस्ता, सगळे ऋतू : हॉकनीची आयपॅडवरची निसर्गचित्रं

रानजाई

मंडळी, डिजिटल निसर्गचित्र म्हटलं की हल्ली जे डोळ्यांपुढे येतं ते मला आवडत नाही. जांभळं आकाश, संथ तळं, कुठल्याच गावात न सापडणारं झाड. त्यात ऋतू असतो तो फक्त पानांच्या रंगापुरता. म्हणून ज्या चित्रमालेनं या माध्यमाबद्दलचं माझं मत पार बदलून टाकलं, तिच्याबद्दल लिहिते आहे.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी १९३७ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये जन्मले. उमेदीचा बराच काळ लॉस एंजेलिसमध्ये गेला. तिथलं ऊन आणि पोहण्याचे तलाव त्यांनी इतके रंगवले की जगाला ते तिकडचेच वाटायचे. पण साठी उलटल्यावर ते ईस्ट यॉर्कशरमध्ये, ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावी परतले. गावाबाहेर वोल्डगेट नावाचा एक अरुंद, जुना रोमन रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच कुंपणाची झुडपं, पलीकडे खडूच्या टेकड्यांवरची शेतं. बघायला यावं असं तिथे काहीच नाही.

२०११ च्या जानेवारीपासून हॉकनी आयपॅड घेऊन याच रस्त्यावर जात राहिले. नागडी झाडं, बर्फ, ओल्या डांबराची चमक, गवताची पहिली हिरवी कड, मग मेअखेरीस हॉथॉर्नच्या झुडपांवर आलेला पांढरा फुलोरा. त्यातून ५१ आयपॅड चित्रं आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेलं एक मोठं तैलचित्र अशी एकच कलाकृती तयार झाली. नाव साधं : वोल्डगेटमध्ये २०११ साली झालेलं वसंताचं आगमन. प्रत्येक आयपॅड चित्राच्या नावात तारीख आहे. २०१२ च्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती सगळी एकाच दालनात लावली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की या चित्रांचं खरं बळ तारखेत आहे. 'वसंत' नावाचं एक चित्र काढणं सोपं. त्यात फुलं घातली की झालं. पण त्याच वाटेवर पुन्हा जाऊन, मागच्या वेळेपेक्षा आज काय वेगळं आहे ते शोधणं फार अवघड. डिजिटल साधनानं त्यांना ही सवय परवडू दिली.

मी लीड्सला राहते. इथून जवळ सॉल्टेअरला सॉल्ट्स मिल नावाची १८५३ सालची कापडगिरणी आहे, तिथे आता हॉकनींची चित्रं लावलेली असतात. वोल्डगेटची आयपॅड चित्रं मी तिथेच पाहिली. हिवाळ्यातल्या चित्रांपुढून पाय निघत नाही. नुसत्या करड्या रंगात किती रंग असावेत!

तुम्ही कोणी टॅबलेटवर किंवा मोबाईलवर आपल्याकडचे ऋतू काढता का?

कुंचला

रानजाई ताई, विषय आवडला. माझी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

जलरंगात कागद आपल्याशी बोलतो. कागदाचा खरखरीतपणा, पाण्याचा ओघळ, एका रंगात दुसरा रंग आपोआप उतरणं, यातलं निम्मं चित्रकाराच्या हातात नसतंच. काचेवर हे काही होत नाही. हॉकनींची ही चित्रं मी छापील स्वरूपात पाहिली आहेत. झाडांच्या बुंध्यावरची रेषा मला गुळगुळीत वाटते. पारदर्शक थर एकमेकांवर टाकलेत, पण ते एकमेकांत मुरत नाहीत.

तरी एक गोष्ट मान्य करतो. ऑगस्टमध्ये मुलांना स्थळचित्रणाला सांगलीच्या घाटावर किंवा डोंगराकडे नेलं, की पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळेपर्यंत समोरचा ढग निघून गेलेला असायचा. पावसाळी हवेत जलरंग वाळतच नाही. आपला सगळ्यात देखणा ऋतू जागेवर बसून रंगवायला सगळ्यात अवघड, ही खंत मला कायम राहिली.

रानजाई

सर, राग कसला! तुमच्या शेवटच्या परिच्छेदात माझं उत्तर आलंच आहे. रंग वाळायची वाट पाहावी लागत नाही, हा या साधनाचा पहिला गुण. दुसरा म्हणजे पडदा स्वतःच उजळलेला असतो. २००९ मध्ये हॉकनी आयफोनवर ब्रशेस नावाच्या अ‍ॅपमध्ये अंगठ्यानं चित्रं काढू लागले. ब्रिडलिंग्टनच्या घरी खिडकीतून दिसणारा सूर्योदय ते पलंगावरूनच काढायचे. कागद घ्यायचा तर दिवा लावायला हवा, आणि दिवा लावला की बाहेरची पहाट दिसेनाशी होते. नंतर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत त्यांनी चांदण्यातली झाडंही अशीच अंधारात बसून काढली.

गुळगुळीतपणाबद्दल बऱ्याच अंशी सहमत. मला स्वतःला नॉर्मंडीची २०२० ची सगळी चित्रं सारखी आवडत नाहीत. ठिपक्यांचे आणि पानांचे तयार ब्रश काही ठिकाणी फार उठून दिसतात. वोल्डगेटची जानेवारी-फेब्रुवारीतली चित्रं मात्र कुठल्याही जलरंगाशेजारी लावा, मान खाली घालणार नाहीत.

पळसपान

छान धागा. वाचनखुणेत साठवला.

मला एक कळलं नाही, आयपॅडवरचं एवढंसं चित्र दालनाच्या भिंतीवर कसं लावलं? मोठं केल्यावर फाटत नाही का?

छापखाना

हा माझ्या कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या पिढीच्या आयपॅडचा पडदा १०२४ × ७६८ पिक्सेलचा होता. तेवढीच प्रतिमा जशीच्या तशी भिंतीएवढी ताणली, तर चौकोन दिसायला लागतील. पण ब्रशेससारखी अ‍ॅप्स नुसतं शेवटचं चित्र ठेवत नव्हती, हाताची प्रत्येक हालचाल क्रमानं नोंदवत होती. म्हणूनच चित्र पहिल्या रेषेपासून पुन्हा 'चालवून' बघता येतं. रेषा कुठे सुरू झाली, कुठे संपली, किती जाड, कुठल्या रंगाची हे माहीत असेल तर तीच रेषा मोठ्या मापात पुन्हा काढता येते. वोल्डगेटचे छाप जवळजवळ दीड मीटर उंचीचे आहेत, काही तर त्याहून मोठे, चार कागद जोडून केलेले.

आता धोक्याची सूचना. पडदा प्रकाशातून रंग करतो, छपाई शाईतून. पडद्यावरचा झगझगीत पोपटी हिरवा आणि नारिंगी चार शाईंच्या छपाईत उतरतच नाहीत, मरगळून येतात. नेमके हेच रंग आपल्या पावसाळ्यात आणि पळसात असतात. ज्यांना चित्र छापायचं आहे त्यांनी सुरुवातीलाच एक छोटा तुकडा छापून बघावा आणि त्यानुसार रंग निवडावेत. जास्त शाईंच्या इंकजेटवर, चांगल्या कागदावर फरक बराच कमी होतो, खर्च मात्र वाढतो.

खाचर

नमस्कार. मी वेल्ह्याकडचा, भातशेती करतो. मोबाईलवर बोटानंच चित्रं काढतो. कोणाकडे शिकलेलो नाही. हॉकनींचं नाव या धाग्यावरच कळलं, मग शोधून चित्रं पाहिली. एका रस्त्यावर वर्षभर जायचं ही गोष्ट मला लगेच पटली, कारण शेतकऱ्याला दुसरा रस्ताच नसतो.

आमच्याकडच्या हिरव्याबद्दल सांगतो. शहरातून येणारे म्हणतात, 'सगळं कसं हिरवंगार!' पण भाताचाच हिरवा घ्या. राबावरचं, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यातलं, रोप कोवळं पोपटी, उन्हात जवळपास पिवळं दिसतं. लावणी झाली की आठ-दहा दिवस खाचर उदास पिवळट असतं, कारण रोप उपटल्याचा धक्का त्यानं अजून पचवलेला नसतो. पाण्यात आभाळ जास्त आणि पीक कमी दिसतं. मग मूळ धरलं की पिकाला काळोखी येते. तो हिरवा निळ्याकडे झुकणारा, जड असतो. पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असताना, त्यावर एक भुरकट झाक चढते. निसवलं, म्हणजे कणीस बाहेर पडलं, की वरून फिकट आणि खालून गडद. शेवटी बांधाच्या कडेनं आधी पिवळं व्हायला लागतं, मध्ये हिरवा राहतो. हे सगळं जूनअखेर ते ऑक्टोबर एवढ्या काळात.

मी चित्र काढताना अ‍ॅपमधला तयार हिरवा कधीच घेत नाही. पिवळ्यात थोडा निळा आणि नखभर तांबडा मिसळतो. तांबड्याशिवाय हिरवा खरा वाटत नाही, कारण पाण्याखालची माती सगळीकडून वर डोकावत असते.

कुंचला

खाचर, तुम्ही कोणाकडे शिकला नाहीत म्हणता, पण हिरव्यात तांबडा घालायचा हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. वर्गात सांगून जे उतरत नव्हतं ते तुम्हाला बांधावर उभं राहून सापडलं. तुमची चित्रं इथे जरूर टाका.

जात्यावर

थोडी इतिहासाची भर. ऋतूंची मालिका रंगवायची कल्पना युरोपात जुनी आहे. १५६५ मध्ये पीटर ब्रॉयगेलनं अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी वर्षातल्या महिन्यांची चित्रं केली. त्यातली पाच आज शिल्लक आहेत. बर्फातून परतणारे शिकारी आणि गव्हाच्या शेतात दुपारी आडवे झालेले कापणीवाले, ही त्यातलीच.

आपल्याकडे बारामासा चित्रं आहेत. बुंदी, कोटा आणि पहाडी शैलींमध्ये भरपूर सापडतात. प्रत्येक महिन्याचं एक चित्र, आणि त्यात नायिका नायकाला सांगते आहे की या महिन्यात तू जाऊ नकोस. श्रावणातल्या चित्रात विजा, बगळ्यांची रांग, काळे ढग. फाल्गुनात रंग खेळणारे लोक. थंडीच्या महिन्यांत शेकोटी. तिथे ऋतू माणसाच्या मनातून दिसतो. हॉकनींच्या वोल्डगेटवर माणूस जवळपास नाहीच. रस्ता आहे, चाकांच्या खुणा आहेत, पण चालणारं कोणी नाही. मला ते सुरुवातीला रितं वाटलं. नंतर लक्षात आलं की रस्त्याच्या मधोमध बघणारा उभा आहे, म्हणजे आपणच. तरीसुद्धा आपल्या गावाकडचा ऋतू माणसाशिवाय मला अपुराच वाटेल. आषाढातलं शेत इरलं घेतलेल्या बाईशिवाय कसं काढायचं?

पळसपान

जात्यावर, मनातलं बोललात.

मी यवतमाळचा. आमच्या भागाचा मुख्य ऋतू उन्हाळा, आणि उन्हाळ्याची चित्रं कोणीच काढत नाही ही माझी तक्रार आहे. काढलंच तर फुललेला पळस, तो तर शिमग्याच्या आगेमागे उरकतो. पुढे खरा उन्हाळा सुरू होतो. काळी जमीन भेगाळून राखी दिसते, पऱ्हाटीचा (कपाशीचा) एखादा राहिलेला खुंट, मोहाला आलेली तांबूस पालवी, आणि दुपारी आभाळ निळं नसतंच, पांढुरकं असतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर क्षितिजाची रेष हलते. सावलीसुद्धा काळी पडत नाही, कारण जमिनीवरून उजेड परत उसळतो.

टॅबलेटवर हे काढताना मी एक करतो. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात न करता अख्खा कॅनव्हास फिक्या मातकट रंगानं भरतो आणि त्याहून फार गडद काहीच वापरत नाही. सगळं चित्र वरच्या तीन-चार छटांमध्येच संपवायचं. बघणाऱ्याचे डोळे बारीक व्हायला हवेत.

अडचण एकच. टॅबलेट उन्हात तापतो आणि बंद पडतो, आणि पडद्यावर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही. बाभळीखाली बसूनच काढावं लागतं.

रानजाई

पळसपान, सावलीबद्दलचं हे निरीक्षण फार मोलाचं आहे. आमच्याकडे उलटं होतं. हिवाळ्यात दुपारी चारच्या आतबाहेर सूर्य मावळतो, तो वर कधी चढतच नाही, त्यामुळे दुपारीही सावल्या लांब, जांभळट असतात. वोल्डगेटच्या हिवाळी चित्रांत रस्त्यावर आडव्या पट्ट्या दिसतात त्या याच. ऋतू म्हणजे झाडाचं रूप आणि सूर्याची उंची, दोन्ही.

फिरस्ती

हॉकनींनी याच रस्त्याचं कॅमेऱ्यानंही काही केलं होतं ना? कुठेतरी नऊ पडदे एकत्र लावलेले पाहिल्याचं आठवतं.

रानजाई

हो. एका गाडीवर नऊ कॅमेरे, तीन ओळींत तीन-तीन असे बसवले आणि गाडी वोल्डगेटच्या जंगलातून अगदी हळू चालवली. प्रत्येक कॅमेऱ्याचा रोख किंचित वेगळा. २०१० चा उन्हाळा, शरद आणि हिवाळा, आणि २०११ चा वसंत. प्रत्येक ऋतूला नऊ पडदे, मिळून ३६. चारही फिती चार मिनिटं एकवीस सेकंदांच्या. चार भिंतींवर चार ऋतू लावले की एकीकडे पानगळ, पाठीमागे बर्फ.

एका कॅमेऱ्यात एकच नजर असते, खरा माणूस मात्र डोळे फिरवत बघतो, हे हॉकनींचं जुनं म्हणणं आहे. नऊ चौकटींत झाडं एकमेकांशी पुरती जुळत नाहीत, त्यामुळे आपली नजर कुठेच स्थिर राहत नाही. मला यात बर्फाचा भाग सगळ्यात आवडतो.

आणखी एक सांगते, कारण कुंचला सरांना ते आवडेल. २०१३ चा वसंत त्यांनी त्याच रस्त्यावर कोळशानं काढला. २५ चित्रं, रंगाचा ठिपकाही नाही. आधीच्या वर्षी त्यांचा एक आवडता, पुन्हा पुन्हा रंगवलेला झाडाचा उभा खुंट कोणीतरी रात्रीत कापून टाकला होता. आयपॅड हाताशी असताना त्यांनी कोळसा घेतला. म्हणजे साधन त्यांच्यासाठी हट्टाचं नव्हतंच, रस्ता हट्टाचा होता.

कुंचला

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. कोळसा आणि पानगळलेलं झाड ही जोडी जमलेलीच असते. पण कोळशात पालवी दाखवणं अवघड. तिथे कागद कोरा सोडण्याची कला लागते.

छापखाना

कागदावरून काचेवर उडी. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये २०१८ साली राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सन्मानार्थ रंगीत काचेची एक खिडकी बसली. तिचा आराखडा हॉकनींनी आयपॅडवर केला. विषय पुन्हा तोच : यॉर्कशरमधला फुललेला हॉथॉर्न. मागून उजेड येणाऱ्या पडद्यावर काढलेलं चित्र मागून उजेड येणाऱ्या काचेतच उतरलं. छपाईत जो प्रकाश हरवतो तो इथे जसाच्या तसा राहिला. माझ्या मते त्यांच्या डिजिटल कामाचा हा सगळ्यात योग्य शेवटचा मुक्काम आहे.

जात्यावर

आणि नॉर्मंडीचा लांब पट! २०२० च्या टाळेबंदीत ते तिकडच्या घरीच होते. नासपती, सफरचंदाची झाडं, तळ्यावर पडणारा पाऊस. पुढे वर्षभराच्या चित्रांतून सुमारे ९० मीटर लांबीचा सलग पट केला. बायोच्या मध्ययुगीन भरतकामाच्या पटावरून आणि चिनी गुंडाळी-चित्रांवरून ही कल्पना सुचलेली. बायोचा पट सुमारे ७० मीटर आहे. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात तो मांडला होता, जिथे चित्रकार मोनेची कमळतळ्यांची चित्रं आहेत. त्यात एक ऋतू कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. आपली चालच त्याचा वेग ठरवते.

खाचर

वाचून एक विचार आला, तो मांडतो.

चार ऋतू त्यांचे. आपण शाळेत तीन शिकलो, पंचांगात सहा आहेत. पण शेतात आम्ही यातलं काहीच मोजत नाही, आम्ही नक्षत्रं मोजतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मृग लागतो. दर नक्षत्राचा पाऊस वेगळा पडतो असं आम्ही धरतो आणि पिकाचा रंगही तेवढ्या काळात नक्की बदलतो. वर भाताचा जो हिरवा सांगितला तो जवळपास याच मापानं बदलत जातो. हस्ताचा पाऊस गडगडून येतो, तेव्हा पीक निसवलेलं असतं आणि आडवं पडायची भीती असते. ती भीती आभाळाच्या रंगात असते.

तर इथल्या ज्यांना जमेल त्यांनी आपापली एक जागा धरावी आणि प्रत्येक नक्षत्राला त्याच जागेचं एक चित्र काढावं. अकरा चित्रं होतील. जागा सुंदर असायची गरज नाही. बांध, एसटीचा थांबा, विहीर, गच्चीवरून दिसणारा डोंगर, काहीही. नावाच्या जागी नुसतं नक्षत्र, गाव आणि तारीख.

पळसपान

मी आहे! पण आमच्याकडे पेरणी मृगात होते की आर्द्रात, हे पावसावर. चित्रात ते आपोआप येईल. रोहिणीपासून सुरू करू या का? म्हणजे पेरणीआधीची नांगरलेली काळी जमीनही येईल, नाहीतर उन्हाळा पुन्हा वगळला जाईल.

खाचर

बरोबर. रोहिणी धरू. बारा झाली.

फिरस्ती

मी मडगावचा. आमच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, शेताचं काढीन. पाऊस ओसरता ओसरता बांधावरच्या माडांचं प्रतिबिंब फार वेगळं दिसतं.

पण माझ्याकडे आयपॅड नाही, साधा अँड्रॉइड फोन आहे. चालेल?

रानजाई

अगदी चालेल. हॉकनींनीही सुरुवात फोनवर अंगठ्यानंच केली होती. फोनवर आयबिस पेंट चालतं, त्याची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. संगणक असेल तर क्रिता पूर्ण मोफत मिळतं. आयपॅडवाल्यांना प्रोक्रिएट विकत घ्यावं लागेल. रेषांची नोंद ठेवून चित्र पुन्हा चालवून दाखवणारी सोय चालू ठेवा, आपल्याला एकमेकांची सुरुवात कुठून झाली ते बघता येईल.

मीही इथून भाग घेते. लीड्सच्या कालव्याकाठचा एक वळणाचा भाग रोज दिसतो. मृगापासून स्वातीपर्यंत, म्हणजे इथला भर उन्हाळा ते पानगळ. आर्द्रात इथे रात्री दहालाही उजेड असतो, ते तुमच्या चित्रांशेजारी कसं दिसेल याची उत्सुकता आहे.

कुंचला

मी कागदावरच काढणार. जलरंग. हस्तापर्यंत काय वाळायचं ते वाळेल. कागदी चित्रं तुमच्या धाग्यात चालतील ना?

खाचर

सर, तुमच्याशिवाय कसं चालेल! फोटो काढून टाका, फक्त ढगाळ उजेडात काढा म्हणजे रंग फिरणार नाही.

छापखाना

सगळ्यांसाठी माप ठरवून टाकू, म्हणजे पुढे शेजारी शेजारी लावता येतील. आडवा कॅनव्हास, ३६०० × २४०० पिक्सेल. ३०० डीपीआयनं छापलं तर १२ × ८ इंच होतं. फोन जुना असेल आणि थर जास्त टाकले की अडखळत असेल, तर २४०० × १६०० घ्या, प्रमाण तेच राहतं. मूळ फाइल जपून ठेवा, नुसता जेपेग ठेवू नका. रोहिणी लागली की वेगळा धागा काढतो, चित्रं तिथे टाकू.

पळसपान

२४०० × १६०० वर बसवतो. जागा ठरली : वावराच्या धुऱ्यावरचं निंबाचं झाड, पश्चिमेकडे तोंड करून.